वा. सं. गायतोंडे : चित्रांचा प्रवास आणि न्यूयॉर्कचे सिंहावलोकनी प्रदर्शन

वासुदेव संतू गायतोंडे (२ नोव्हेंबर १९२४ – १० ऑगस्ट २००१) हे स्वातंत्र्योत्तर भारतातील आधुनिक चित्रकलेचे एक प्रमुख चित्रकार. जन्म नागपूरचा, घराणे गोव्याचे, शिक्षण आणि उमेदीची वर्षे मुंबईत, उत्तरायुष्य दिल्लीत. २४ ऑक्टोबर २०१४ ते ११ फेब्रुवारी २०१५ या काळात न्यूयॉर्कच्या सॉलोमन आर. गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा आढावा घेणारे प्रदर्शन भरले. एखाद्या संग्रहालयाने केवळ गायतोंडे यांच्या चित्रांना वाहिलेले हे पहिलेच मोठे प्रदर्शन. ते पाहायला चित्रकार हयात नव्हते. त्यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती.

आपल्या सभासदांपैकी बहुतेकांनी गायतोंडे हे नाव चित्रांच्या लिलावाच्या बातमीत वाचले असेल. एवढे कोटी रुपये आले म्हणे, आणि चित्रात तर काहीच दिसत नाही, असे बोलणे आपल्याकडच्या कार्यक्रमांनंतर चहाच्या टेबलावर आम्हीही ऐकले आहे. या लेखात आम्ही चित्रकाराची, त्यांच्या कामाच्या टप्प्यांची आणि त्या प्रदर्शनाची माहिती एकत्र देत आहोत. चित्रात काहीच दिसत नाही, या शंकेचे उत्तर एका चित्रात सापडणे अवघड आहे. चाळीस-पन्नास वर्षांची चित्रे ओळीने लावली की ते सापडू लागते. सिंहावलोकनी प्रदर्शनाचा खरा उपयोग तोच.

सिंहावलोकनी प्रदर्शन म्हणजे काय

सिंह काही पावले चालून गेला की मान वळवून मागे पाहतो, अशी समजूत आहे. त्यावरून सिंहावलोकन हा शब्द आला. चित्रकलेत सिंहावलोकनी प्रदर्शन म्हणजे एका कलावंताच्या आरंभापासून अखेरपर्यंतच्या कामातून निवडलेली चित्रे कालक्रमाने किंवा टप्प्यांनुसार मांडणे. नेहमीच्या प्रदर्शनात चित्रकाराचे ताजे काम असते आणि ते बहुधा विक्रीला असते. सिंहावलोकनात चित्रे विक्रीला नसतात. ती संग्रहालयांकडून आणि खासगी मालकांकडून काही महिन्यांसाठी मागून आणलेली असतात. त्यांचा विमा उतरावा लागतो, तापमान आणि दमटपणा सांभाळावा लागतो, प्रत्येक चित्राचे साल, माप, माध्यम आणि आजवरचे मालक यांची नोंद तपासावी लागते. हे सारे पाहणाऱ्या व्यक्तीला क्युरेटर म्हणतात. कोणती चित्रे घ्यायची, कोणती गाळायची आणि कोणते चित्र कोणाशेजारी लावायचे, हा निर्णयही क्युरेटरचाच असतो.

महाराष्ट्रात अलीकडे गाजलेली अशी दोन प्रदर्शने सांगता येतील. दोन्ही मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात झाली. अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या कामाचे 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स' हे प्रदर्शन २०१९ च्या आरंभी झाले. ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करता करता चित्रे काढणारे सुधीर पटवर्धन यांचे 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाले. बरव्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे मराठी पुस्तक आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल.

नागपूर, गोवा, गिरगाव

गायतोंडे यांचा जन्म नागपुरात झाला. लहानपणाचा काही काळ गोव्यात गेला आणि मग कुटुंब मुंबईत गिरगावात आले. चाळीतले घर, बेताची परिस्थिती. चित्रे काढून पोट भरत नाही, ही त्या काळच्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांतली समजूत त्यांच्याही घरी होती. घरातून, विशेषतः वडिलांकडून, विरोध झाल्याचे त्यांच्याविषयीच्या आठवणींत नोंदलेले आहे. तरी ते सर ज. जी. कलाशाळेत, म्हणजे आपण जे. जे. म्हणतो तिथे गेले आणि १९४८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले.

इथे हुबळी-धारवाडच्या वाचकांसाठी एक जोड द्यायला हवी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत आपला धारवाड जिल्हा मुंबई प्रांतातच होता. त्यामुळे इथल्या चित्रकलेची आवड असलेल्या मुलांच्या डोळ्यांपुढेही जे. जे. हेच नाव असे, आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आपल्या जुन्या पिढीच्या चांगल्याच ओळखीच्या आहेत. धारवाडला डी. व्ही. हालभावी यांनी कलाशाळा काढली आणि या भागात चित्रकलेचे शिक्षण रुजवले. उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे के. के. हेब्बर जे. जे. त शिकले, पुढे तिथेच शिकवू लागले आणि मुंबईचेच झाले. गायतोंडे ज्या वातावरणात घडले ते आपल्या भागाला परके नव्हते.

त्या काळच्या जे. जे. त दोन प्रवाह होते. एकीकडे ब्रिटिश पद्धतीचे हुबेहूब चित्रण, दुसरीकडे जगन्नाथ अहिवासी यांच्यासारखे शिक्षक शिकवत असलेली भारतीय शैली. गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या चित्रांत लघुचित्रांचा ठसा स्पष्ट दिसतो : सपाट, तेजस्वी रंग, ठसठशीत रेषा, खोलीचा आभास टाळलेला. पुढे त्यांचे लक्ष स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांच्याकडे गेले. क्ले यांच्या चित्रांत रेषा आणि रंग वस्तूंच्या ओझ्यातून सुटे होऊ पाहतात. ती मोकळीक गायतोंडे यांना जवळची वाटली.

१९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे या सहा जणांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. १९५० मध्ये गायतोंडे त्या गटात आले. मात्र कोणत्याही गटाच्या जाहीरनाम्यात ते फारसे रमले नाहीत. कमी बोलणारा, आपल्या मताला घट्ट धरून राहणारा माणूस, अशीच त्यांची ओळख समकालीनांनी सांगितली आहे.

आकृती सुटत गेली ती कशी

पन्नासच्या दशकाच्या आरंभीच्या चित्रांत माणसे आहेत, पक्षी आहेत, घरे आहेत. दशकाच्या मध्यापासून या आकृती साध्या होत जातात. माणूस काही रेषांवर येतो, रेषा खुणेवर येते आणि खूण रंगात विरघळू लागते. १९५७ मध्ये टोकियोत झालेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले.

या वर्षांत मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. समुद्राकाठच्या त्या जागेत चित्रकार, नाटकवाले, संगीतकार एकाच आवारात काम करत. एका खोलीत अल्काझींच्या नाटकाची तालीम, दुसरीकडे रविशंकरांचे संगीताचे वर्ग, तिसरीकडे हुसेन यांचे कॅनव्हास, असा तो काळ होता. गायतोंडे तासन्‌तास समुद्राकडे पाहत बसत, असे त्यांना ओळखणारे सांगत. साठच्या दशकातल्या त्यांच्या कॅनव्हासवर आडव्या पसरलेल्या प्रकाशाच्या पट्ट्या आणि धूसर क्षितिजासारखे काही दिसते, ते पाहताना ही गोष्ट आठवते. मात्र ही समुद्राची चित्रे आहेत, असे चित्रकाराने कधी म्हटले नाही.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांचे वाचन झेन बौद्ध विचाराकडे वळले. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईच्या खेतवाडीत प्रवचने करणारे निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांचीही त्यांना ओढ होती. त्यांच्या चित्रांचा अर्थ अमुक तत्त्वज्ञानात आहे, असे सांगण्याचा मोह अनेक लेखकांना होतो. आम्हाला तसे करावेसे वाटत नाही. एवढे मात्र म्हणता येते की शांत बसणे, वाट पाहणे आणि अनावश्यक ते सोडणे या तीन सवयी त्यांच्या जगण्यातही होत्या आणि चित्रांतही उतरल्या.

आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेले त्यांना आवडत नसे. अमूर्त म्हटले की आधी काहीतरी मूर्त होते आणि ते पुसून टाकले, असे वाटते. ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द वापरत. म्हणजे जे चित्र कोणत्याही बाहेरच्या वस्तूचे नाही, ते स्वतःच एक वस्तू आहे. याच कारणाने त्यांची बहुतेक चित्रे अनाम आहेत. नाव दिले की पाहणारा चित्रात ते नाव शोधत बसतो. चित्राच्या पुढच्या भागावर कधी काही सांगितले नाही, तरी अनेक कॅनव्हासच्या पाठीमागे मात्र देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत सही आणि साल आहे. या नोंदीच पुढे अभ्यासकांच्या कामी आल्या.

न्यूयॉर्क आणि नंतर दिल्ली

१९६३ मध्ये अमेरिकी चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्‌ज भारतात आले असताना त्यांनी गायतोंडे यांचे काम पाहिले आणि ते इतके भारावले की न्यूयॉर्कच्या गॅलरीला त्यांनी शिफारसपत्र लिहिले. पुढच्या वर्षी गायतोंडे यांना रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि १९६४-६५ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये राहिले. मार्क रॉथको यांच्यासारखे चित्रकार तेव्हा तिथे मोठ्या कॅनव्हासवर रंगांची शांत क्षेत्रे रंगवत होते. गायतोंडे यांची तुलना रॉथकोंशी नेहमी केली जाते. तारखा पाहिल्या तर लक्षात येते की गायतोंडे न्यूयॉर्कला पोचण्यापूर्वीच आपल्या वाटेवर बरेच पुढे गेले होते. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात असलेले त्यांचे चित्र १९६२ चे आहे, म्हणजे मुंबईत काढलेले. तिकडे त्यांना नवी शैली मिळाली नाही. आपण चाललो आहोत ती वाट भलती नाही, ही खात्री मिळाली असावी, असे आम्हाला वाटते.

परतल्यावर, साठच्या दशकाच्या अखेरीपासून, त्यांचे कॅनव्हास आडवे होते ते उभे झाले. बदल लहान वाटतो, पण परिणाम मोठा आहे. आडव्या चित्रात नजर क्षितिज शोधते, निसर्गदृश्य शोधते. माणसाच्या उंचीच्या उभ्या चित्रासमोर उभे राहिले की तसे होत नाही. आपण आणि चित्र समोरासमोर येतो.

१९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ च्या सुमारास ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन भागातल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या छोट्या जागेत, राहू लागले. राहणी अगदी साधी, माणसे मोजकी, पाश्चात्त्य आणि भारतीय शास्त्रीय संगीत ऐकण्याची आवड. लग्न केले नाही. १९८४ मध्ये एका अपघातात मानेला गंभीर दुखापत झाली आणि मोठ्या कॅनव्हासवर काम करणे काही वर्षे थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने छोटी रेखाटने केली. कोणत्याही भाषेची नसलेली, तरी लिपीसारखी दिसणारी ही रेखाटने पाहिली म्हणजे हात आवरला तरी काम थांबले नव्हते, हे कळते. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रे काढणे थांबले आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

चित्र तयार कसे होई

गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे करत. कुंचला हातात घेण्यापूर्वीचा बराच वेळ नुसता विचारात आणि पाहण्यात जाई. काम सुरू झाले की कुंचल्यापेक्षा रोलर आणि रंगसुरी यांचा वापर अधिक. तैलरंग पातळ करून एक थर द्यायचा, तो अर्धवट वाळू द्यायचा, रोलर फिरवायचा, सुरीने काही भाग खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. वर्तमानपत्र किंवा मासिकाच्या कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून ते उचलायचे, म्हणजे त्या जागी थोडा रंग निघून जाई आणि खालचा थर डोकावे. आपल्याला जे खुणांसारखे, पुसट अक्षरांसारखे आकार दिसतात त्यातले काही असे आलेले आहेत.

यात योगायोगाला जागा आहे, पण सगळे योगायोगावर सोडलेले नाही. कोणता डाग ठेवायचा आणि कोणता झाकायचा, हे चित्रकार ठरवत होता. इरकल साडीच्या काठाशी ताणा-बाण्याचे दोन रंग एकमेकांत मिसळून तिसरीच छटा उभी राहते, हे आपल्याकडच्या घरांत सर्वांनी पाहिलेले आहे. गायतोंडे यांचा रंगही असाच आतून येतो. वरचा पिवळा दिसतो, पण त्याला उजळवणारा लाल किंवा हिरवा त्याच्या खाली असतो. छापील पुस्तकात किंवा मोबाइलच्या पडद्यावर हे थर सपाट होतात आणि चित्र रिकामे वाटते. म्हणून ही चित्रे प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही.

गुगेनहाइममधील प्रदर्शन

प्रदर्शनाचे नाव होते 'व्ही. एस. गायतोंडे : पेंटिंग अॅज प्रोसेस, पेंटिंग अॅज लाइफ'. क्युरेटर होत्या संधिनी पोद्दार. कॅनव्हास आणि कागदावरची मिळून ४५ कामे, आशिया, युरोप आणि अमेरिकेतल्या ३० सार्वजनिक व खासगी संग्रहांतून आणलेली. न्यूयॉर्कनंतर हे प्रदर्शन व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहात ३ ऑक्टोबर २०१५ ते १० जानेवारी २०१६ या काळात लागले.

गुगेनहाइम ही जागा या चित्रकारासाठी एका कारणाने फारच योग्य होती. हे संग्रहालय १९३९ मध्ये 'म्यूझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग' या नावाने सुरू झाले. गायतोंडे स्वतःच्या कामासाठी जो शब्द वापरत तोच शब्द या संस्थेच्या पहिल्या नावात होता. कांडिन्स्की यांची चित्रे हा तिच्या संग्रहाचा पाया. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या चित्रकाराची चित्रे त्या परंपरेच्या शेजारी लागली, तीही पाहुणा म्हणून नव्हे, बरोबरीच्या नात्याने.

या प्रदर्शनाने तीन गोष्टी स्पष्ट केल्या, असे म्हणता येईल.

पहिली, चित्रांची साखळी. सुटे चित्र पाहिले की ते कुठून आले ते कळत नाही. पन्नासच्या दशकातल्या आकृती, मग चित्रलिपीसारख्या खुणा, साठच्या दशकातले आडवे प्रकाशपट, सत्तरच्या दशकातले उभे, तेजस्वी कॅनव्हास, अपघातानंतरची शाईची रेखाटने आणि अखेरची अधिकच मोकळी चित्रे. ही मालिका पाहिल्यावर, ज्याला चित्र काढता येत नाही तो असे रंग फासतो, हा आक्षेप उरत नाही. ज्याला रेखाटन उत्तम येत होते त्याने ते एकेक पाऊल टाकत सोडले.

दुसरी, आधुनिकता फक्त पॅरिस-न्यूयॉर्कमध्ये जन्मली आणि इतरांनी ती उचलली, या समजुतीला छेद. तेव्हाच गुगेनहाइममध्ये युरोपातल्या झीरो या गटाचे मोठे प्रदर्शन चालू होते. त्या गटाचे चित्रकार जर्मनीत साधारण त्याच वर्षांत प्रकाश, पोकळी आणि शांतता यांचाच शोध घेत होते. एकाच इमारतीत दोन्ही पाहिलेल्या प्रेक्षकाला उमगले असेल की मुंबईतला चित्रकार जगाच्या मागे नव्हता, जगाबरोबर होता.

तिसरी गोष्ट थोडी बोचणारी आहे. ४५ कामांसाठी ३० संग्रहांचे दरवाजे ठोठवावे लागले. चित्रकाराने स्वतः फार नोंदी ठेवल्या नाहीत, चित्रांना नावे दिली नाहीत आणि हयातीत त्यांच्याकडे फारसे कोणी त्या मागितल्याही नाहीत. मराठीत हे काम प्रामुख्याने 'चिन्ह' या कलाविषयक नियतकालिकाने केले. सतीश नाईक यांच्या संपादनाखाली गायतोंडे यांच्या सोबत्यांच्या, विद्यार्थ्यांच्या, नातलगांच्या आठवणी त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या आणि २०१६ मध्ये 'गायतोंडे' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी मीरा मेनेझिस यांचे 'सोनाटा ऑफ सॉलिट्यूड' हे इंग्रजी चरित्र आले. ज्ञानेश्वर नाडकर्णी यांनी त्याआधी, १९८३ मध्ये, ललित कला अकादमीसाठी छोटी पुस्तिका लिहिली होती. चित्रकार हयात असताना झालेले ते मोजक्या लेखनांपैकी एक.

किमतीची बातमी

१९ डिसेंबर २०१३ रोजी ख्रिस्टीज या कंपनीचा भारतातला पहिला लिलाव मुंबईत झाला. त्यात गायतोंडे यांच्या १९७९ च्या एका चित्राला २३.७ कोटी रुपये आले. दोन वर्षांनी दुसऱ्या चित्राला २९.३ कोटी आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १९७० च्या एका चित्राला ६७ कोटींहून अधिक. एका बरसातीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या चित्रांची ही किंमत.

किंमत वाढण्यामागे साधी कारणे आहेत. चित्रे कमी, मागणी वाढती, नवे श्रीमंत खरेदीदार आणि मोठ्या संग्रहालयाची मोहोर. ती मोहोर गुगेनहाइमच्या प्रदर्शनाने उमटवली, हेही खरे. म्हणजे हे प्रदर्शन बाजारापासून अगदी अलिप्त होते, असे म्हणता येणार नाही. पण लिलावातले चित्र पुन्हा एखाद्या घरात किंवा तिजोरीत जाते आणि आपल्या नजरेआड होते. प्रदर्शनातले चित्र काही महिने तरी सर्वांचे असते. किमतीच्या बातमीने चित्रकाराचे नाव घरोघरी पोचले. चित्र पोचवायचे काम अजून बाकी आहे.

चित्रासमोर कसे उभे राहावे

मुलांना घेऊन संग्रहालयात जाणाऱ्या पालकांसाठी काही साध्या सूचना.

हे कशाचे चित्र आहे, असा प्रश्न आधी विचारू नये. त्याऐवजी इथे किती रंग दिसतात, कोणता रंग वर आहे आणि कोणता खाली, प्रकाश कुठून येतो आहे, असे विचारावे. मुले याची उत्तरे मोठ्यांपेक्षा चटकन देतात.

चित्रापासून आधी आठ-दहा पावलांवर उभे राहावे, मग अगदी जवळ जावे, मग पुन्हा मागे यावे. दुरून जो धुरकट प्रकाश दिसतो तो जवळून खरवडलेल्या, उचललेल्या थरांचा बनलेला आढळतो.

एका चित्रापाशी किमान पाच मिनिटे थांबावे. आपण हुबळी-धारवाडची माणसे आहोत. गंगूबाई हनगल ज्या शहरात राहिल्या त्या शहराला वाट पाहणे शिकवावे लागत नाही. किराणा घराण्याच्या गायकीत आलाप सुरू होतो तेव्हा तबलाही नसतो, शब्दही जवळजवळ नसतात. एक स्वर लावलेला असतो आणि त्याच्या आजूबाजूला हळूहळू राग उभा राहतो. हे गाणे कशाबद्दल आहे, असे तेव्हा आपण विचारत नाही. स्वर नीट लागला की नाही, एवढे आपल्याला कळते आणि पुरते. गायतोंडे यांच्या चित्राकडे त्याच कानाने, म्हणजे त्याच डोळ्याने पाहावे.

नाही आवडले तरी हरकत नाही. आवडलेच पाहिजे, असा नियम नाही. पाहिल्याशिवाय मत देऊ नये, एवढेच.

कुठे पाहता येतील

केशवापूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबई किंवा बंगळूर गाठता येते, त्यामुळे सहलीला जोडून हे सहज जमण्यासारखे आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे यांची चित्रे आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने जमवलेला चित्रसंग्रह आहे. त्यातही गायतोंडे आहेत, पण तिथे आधी परवानगी घ्यावी लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही त्यांचे काम आहे. याच संस्थेची शाखा बंगळूरला पॅलेस रोडवरील माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये आहे. आधुनिक भारतीय चित्रकलेची ओळख करून घ्यायला आपल्याला ती सर्वांत सोयीची. संग्रहालये चित्रे आलटून पालटून लावतात, म्हणून जाण्यापूर्वी फोन करून विचारावे.

आपल्या घरांतली चित्रे

गायतोंडे नेमके कोणाचे? नागपूर त्यांना आपले म्हणते, गोवा म्हणतो, मुंबई म्हणते, दिल्लीतही त्यांची तीस वर्षे गेली. रेल्वे, व्यापार, शिक्षण अशा निमित्तांनी इथे येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही. माणूस अनेक गावांचा असू शकतो, हे आपण आपल्या घरातच पाहतो. अशा माणसाचे काम मात्र एका गावाने सांभाळले नाही तर ते सगळ्याच गावांतून निसटते. गायतोंडे यांच्याबाबतीत ते थोडक्यात वाचले.

आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या दिवाणखान्यात आजोबांच्या काळातली चित्रे आहेत. काही धारवाडच्या चित्रकारांची, काही घरातल्याच कोणा काका-आत्याने काढलेली. ती कोटींची नसतील. पण कोणी काढली, कधी काढली, घरात कशी आली, हे सांगणारी पिढी आता थकली आहे. म्हणून आमची विनंती आहे की प्रत्येक घराने एवढे करावे : चित्राचा पुढून आणि मागून फोटो काढावा, लांबी-रुंदी मोजून लिहावी, सही आणि साल जसेच्या तसे उतरवून घ्यावे, चित्राविषयी घरात जे सांगितले जाते ते सांगणाऱ्याच्या नावासह दोन ओळींत लिहून ठेवावे. चौकट बदलताना मागचा जुना कागद किंवा दुकानाची चिठ्ठी फेकू नये. चित्र थेट उन्हात किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये.

ही नोंद एका वहीत घरी ठेवावी आणि तिची एक प्रत मंडळाकडे द्यावी. मंडळ ती सांभाळून ठेवेल. मराठी, कन्नड, कोंकणी, कोणत्याही भाषेत लिहिलेली चालेल.